वेलांकनीची तिकिटं आणि आजीचे गुडघे

जून लागला की माझ्या टपालाचा नूर पालटतो. एरवी गणपतीच्या गाड्या आणि रद्द तिकिटाचे पैसे यांवर अडलेले वाचक एकदम वेलांकनीवर, म्हणजे तमिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या मरियामातेच्या, आमच्या माउलीच्या, देवस्थानावर येतात. या महिन्यात पत्रांचा गठ्ठा रबरबँडात मावेना, म्हणून या वेळचं सदर सगळंच माउलीच्या यात्रेला दिलंय. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते की मी ३१ वर्षं रेल्वेच्या आरक्षण खिडकीमागे बसले आणि १९८६ पासून १४ वेळा वेलांकनीला जाऊन आले. पहिल्यांदा आईबरोबर, मग नवऱ्याबरोबर, आणि निवृत्तीनंतर धर्मग्रामातली, म्हणजे आमच्या पॅरिशमधली, माणसं घेऊन. त्यामुळे खाली तिकिटांचं ज्ञान जरा जास्त आणि आध्यात्मिक मार्गदर्शन जरा कमी सापडेल. त्यासाठी फादर आहेत.

मावशी, आम्ही घरातले नऊ जण पहिल्यांदाच वेलांकनीला निघालोय. सासूबाई ७४ वर्षांच्या, दोन्ही गुडघे गेलेले. मोठ्या जाऊबाई ४८ वर्षांच्या, माझी धाकटी तीन वर्षांची. ८ सप्टेंबरला, सणाच्या दिवशीच तिथे असावं अशी इच्छा आहे. तिकिटं कधी आणि कशी काढायची? — एक सून, नंदाखाल

सूनबाई, तिकिटांचं नंतर. सणाच्या दिवशी तिथे असावं ही इच्छा सासूबाईंची आहे, की त्यांच्या नावावर तुम्हा सगळ्यांची? हे आधी त्यांना एकट्या गाठून विचारा. सगळ्यांसमोर विचारलंत तर त्या "तुम्ही म्हणाल तसं" म्हणतील.

२९ ऑगस्टला संध्याकाळी तिथे झेंडा चढतो आणि नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, सुरू होते. रोज संध्याकाळी माउलीचा रथ निघतो. ८ सप्टेंबर हा मरियामातेचा जन्मदिवस, म्हणजे मुख्य सण. तो आणि त्याच्या आदला, या दोन दिवसांत तिथे माणूस चालत नाही, गर्दी त्याला चालवते. एका वर्षी हौसेने मी माझ्या सासूबाईंना नेमक्या सणाला घेऊन गेले. रथ निघाला तेव्हा त्या एका दुकानाच्या पायरीवर वर्तमानपत्र अंथरून बसल्या होत्या, आणि समोर उभ्या असलेल्या माणसांच्या पाठींखेरीज त्यांना काही दिसलं नाही. तीन तास तिथेच. शौचालयाला जायचं म्हणजे दोघींनी दोन बाजूंनी धरून न्यायचं, परत येईपर्यंत पायरी दुसऱ्याने घेतलेली. घरी आल्यावर त्या सगळ्यांना "फार छान झालं" म्हणून सांगत होत्या, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. पुढच्या फेब्रुवारीत त्यांना पुन्हा नेलं. साधा मंगळवार होता. चंद्रकोरीवर उभी, साडी नेसलेली माउली, कडेवर बाळ येशू, आणि समोरच्या बाकावर आमच्या सासूबाई. तासभर कुणी उठ म्हटलं नाही.

तेव्हा पहिल्या वेळी, गुडघे दुखणारं माणूस आणि तीन वर्षांचं पोर बरोबर असेल तर माझं मत जानेवारी-फेब्रुवारी. ऑक्टोबर ते डिसेंबर टाळा. आपल्याकडे पाऊस संपतो तेव्हा त्या किनाऱ्यावर ईशान्य मोसमी पाऊस सुरू होतो, आणि वादळंही त्याच दिवसांत येतात. नोव्हेंबर २०१८ मधलं 'गज' चक्रीवादळ तर नागपट्टिनमच्या त्याच पट्ट्यावर आदळलं होतं. एप्रिल-मेचं ऊन कसं असतं ते वाळूत अनवाणी उतरल्यावर कळतं. आणि नोव्हेनाच हवी असेल तर पहिल्या तीन-चार दिवसांत जा, शनिवार-रविवार सोडून. प्रार्थना त्याच, रथ तोच, माणसं कमी.

एवढं वाचूनही सणच धरायचा असेल, तर आता पेन घ्या.

आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं १२० नाही. नोव्हेंबर २०२४ पासून हा नियम आहे, तरी अजून निम्म्या लोकांच्या डोक्यात चार महिने बसलेत. २७ ऑगस्टला निघायचं तर २८ जूनला सकाळी आठ वाजता, आणि ९ सप्टेंबरला परतायचं तर ११ जुलैला. या दोन तारखांत महत्त्वाची दुसरी. जाताना लोक पंधरा दिवसांत विभागून जातात, परतायला मात्र सगळे ८ च्या रात्री आणि ९ ला एकदम स्टेशनावर. खिडकीमागे बसून मी हे दरवर्षी पाहिलं, की जायचं तिकीट पक्कं आणि यायचं वेटिंग. ऑनलाइन काढलेलं वेटिंगचं तिकीट चार्ट लागताना पूर्ण वेटिंगलाच राहिलं तर आपोआप रद्द होतं, म्हणजे त्याच्या भरवशावर गाडीत पाऊल ठेवता येत नाही. परतीची तारीख आधी ठरवा, मग जाण्याची.

आता नऊ जणांची मांडणी. एका तिकिटावर जास्तीत जास्त सहा नावं. मुलगी पाच वर्षांच्या आतली, तिला वेगळा बर्थ नको असेल तर तिकीट लागत नाही. उरले आठ. लोक यात ६ आणि २ करतात, पण दोन कोण हे चुकवतात. पुरुष ६० वर्षांवरचे आणि स्त्रिया ४५ वर्षांवरच्या यांच्यासाठी खालच्या बर्थचा कोटा असतो. मात्र तो एकट्याने किंवा त्या अटीत बसणाऱ्या दोघांनी एका तिकिटावर प्रवास केला तरच मिळतो. तिसरं नाव घातलंत की गेला. म्हणून सासूबाई आणि ४८ वर्षांच्या जाऊबाई यांचं वेगळं तिकीट काढा, त्यात हा कोटा निवडा, आणि बाकी सहा जणांचं दुसरं. डबा एक येईलच असं नाही, पण ७४ वर्षांच्या बाईने वरच्या बर्थवर चढण्यापेक्षा शेजारच्या डब्यात खाली झोपलेलं बरं, आणि जाऊबाई सोबतीला आहेतच. ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च २०२० पासून बंद आहे, त्यावरून खिडकीवरच्या पोरांशी भांडू नका. त्यांच्या हातात काही नसतं.

सणासाठी वांद्रे टर्मिनसहून वेलांकनीला विशेष गाड्या सोडतात. त्या जाहीर होतील तेव्हा होतील. मी त्यांच्यावर विसंबून बेत आखत नाही. हातात असलेलं तिकीट ठेवावं आणि विशेष गाडी सोयीची निघाली तर बदलावं.

मुंबईहून चेन्नईला उतरून पुढे जायचं की दुसरी काही वाट आहे? चेन्नईत एक दिवस काढावा का? — निवृत्त शिक्षक, नाशिक

सर, जरूर काढावा. आमच्या पहिल्या यात्रेत आईने आणि मी मुंबईहून आलेल्या गाडीतून उतरून त्याच संध्याकाळी एग्मोरहून मीटरगेजची गाडी धरली, रात्रभर बसून नागपट्टिनम, तिथून बस. माउलीसमोर उभी राहिले तेव्हा माझे पाय सुजून चपलेत मावत नव्हते, आणि प्रार्थना काय केली ते आजही आठवत नाही. आता वेलांकनीला स्वतःचं स्टेशन आहे, २०१० पासून. नागपट्टिनमपर्यंतच गाडी मिळाली तरी पुढे दहा-बारा किलोमीटरचाच रस्ता उरतो.

एक गोष्ट मात्र तिकिटावर बोट ठेवून वाचा. चेन्नई सेंट्रल आणि चेन्नई एग्मोर ही दोन वेगळी स्टेशनं आहेत. अंतर जेमतेम दोन किलोमीटर, पण सामान, म्हातारी माणसं आणि शेवटचा अर्धा तास असला की ते वीस होतं. दक्षिणेकडच्या बहुतेक गाड्या एग्मोरहून सुटतात.

मधल्या दिवशी सकाळी चेन्नईतल्या सांथोमच्या चर्चला जा. येशूचा शिष्य संत थॉमस, त्याची कबर तिथे आहे. प्रेषिताच्या कबरीवर उभी असलेली चर्चेस जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, रोममधलं संत पेत्राचं त्यातलं एक. तळघरात उतरलं की आवाज एकदम बंद होतो. संध्याकाळी जमलं तर सेंट थॉमस माउंट. पायऱ्या शंभरच्या वर आहेत, पण गाडी वरपर्यंत जाते, तेव्हा गुडघेवाल्यांनी लाजू नये.

विमानाने जाणाऱ्यांना तिरुचिरापल्ली सोयीचं. तिथून मोटारीने दीडशे-एक किलोमीटर, वाटेत तंजावर आणि त्याच्याजवळ पूंडी माताची बॅसिलिका, म्हणजे मानाचं मोठं चर्च. गोव्यात नातेवाईक असतील तर वास्कोहून आठवड्यातून एकदा थेट वेलांकनीची गाडी आहे. आमच्या गटातले काहीजण आधी गोव्यात मामाकडे चार दिवस राहून तिने आले आणि आमच्यापेक्षा ताजेतवाने होते.

खोलीसाठी एका माणसाने फोनवर आगाऊ रक्कम मागितली आहे. द्यावी का? — आगाशी

देऊ नये. सविस्तर सांगायचं तर, मी एकदा दिली होती. बावीस जणांसाठी अकरा खोल्या, "चर्चपासून दोन मिनिटं". पोहोचलो तेव्हा तो फोन बंद, आणि त्या नावाचा लॉज होता खरा, पण त्यांच्याकडे आमचं नावच नव्हतं. रात्री साडेदहाला बावीस माणसं आणि सव्वीस बॅगा रस्त्यावर. एका दुकानदाराने शटर अर्धं वर करून आमच्या आज्यांना आत बसवलं. तमिळमध्ये तो काय बोलला ते कळलं नाही, पण त्याने चहा मागवला एवढं कळलं.

देवस्थानाची स्वतःची निवासस्थानं आहेत आणि त्यांचं आरक्षण देवस्थानाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून किंवा कार्यालयातून होतं. आधी तिथे बघा. तिथे नसेल तर बाहेरचे लॉज भरपूर आहेत, पण पैसे लॉजच्या नावाच्या खात्यात जाऊ देत, माणसाच्या नाही. आणि फोनवर हे विचारून घ्या: लिफ्ट आहे का, संडास कमोडचा की भारतीय, गरम पाणी नळाला की बादलीने, आणि खोली चोवीस तासांची की दुपारी बाराला सोडायची. शेवटचा प्रश्न लोक विसरतात. गाडी पहाटे पोहोचली आणि खोली बाराला सुटणारी असली की सात तासांसाठी एक दिवसाचं भाडं जातं. प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र जवळ हवं. मोबाइलमधला फोटो सगळीकडे चालत नाही.

मावशी, बाळ सहा महिन्यांचं असताना फार आजारी होतं. तेव्हा माझ्या आईने नवस केला, की बाळाला वेलांकनीला नेऊन त्याचं डोकं भादरीन आणि मी स्वतः तिथल्या माउलीच्या तळ्याकडे जाणाऱ्या वाळूच्या वाटेवर गुडघ्यांवर चालेन. बाळ आता दोन वर्षांचं, ठणठणीत आहे. पण आईचा गेल्या वर्षी गुडघा बदलला, आणि माझा नवरा डोकं भादरायला तयार नाही. आई रोज म्हणते, नवस राहिला तर पोराला काहीतरी होईल. घरात नुसती धुसफूस. — पापडी

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. दर वर्षी असं एक तरी येतं, आणि माझ्या मते वेलांकनीच्या यात्रेतली खरी अडचण तिकिटाची नसून ही असते.

आमच्या धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंना मी एकदा हाच प्रश्न घातला होता. त्यांनी चर्चच्या कायद्याचं पुस्तक काढून मला वाचूनच दाखवलं. नवस म्हणजे देवाला दिलेलं वचन, विचारपूर्वक आणि मोकळ्या मनाने दिलेलं, शक्य असलेल्या आणि चांगल्या गोष्टीचं. हा कॅनन, म्हणजे त्या कायद्याचं कलम, ११९१. देवाला, बरं का. माउली आपल्यासाठी शब्द टाकते. आता तुमच्या कामाचा कॅनन ११९३: नवस ज्याने केला त्यालाच बांधतो. आईने केलेला नवस बाळाच्या डोक्याला लागू होत नाही, तुमच्या नवऱ्याला तर नाहीच. बाळाला तिथे घेऊन जाणं तुम्हाला मान्य असेल तर छान. केसांचं काय करायचं ते त्याच्या आईबापांनी ठरवायचं.

राहिला गुडघ्यांचा भाग. तो आईचा स्वतःचा. पण कॅनन ११९६ प्रमाणे प्रमुख धर्मगुरू त्यांना त्यातून मोकळं करू शकतात, आणि ११९७ प्रमाणे माणूस स्वतःसुद्धा आपल्या नवसाच्या जागी तितकंच किंवा अधिक चांगलं काही करू शकतो. बदललेला गुडघा वाळूत घासू नका असं डॉक्टरांनी सांगितलंच असेल. तेव्हा निघण्याआधी आईला रविवारच्या मिस्सेनंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, फादरांकडे घेऊन जा. तुम्ही बोलू नका, त्यांना बोलू द्या. दहा मिनिटांचं काम आहे. फादर कदाचित सांगतील की त्याच वाटेवर हळूहळू पायी चालत जपमाळ म्हणा, किंवा एखाद्या आजारी मुलाच्या औषधाला हातभार लावा. तुम्ही हेच सांगितलंत तर आई ऐकणार नाहीत. फादरांनी सांगितलं की ऐकतील. आमच्या बायकांचं हे असंच आहे.

आणि "पोराला काहीतरी होईल" हे. माउली सावकार नाही. व्याज थकलं म्हणून बाळावर जप्ती आणायला ती येत नाही. हे वाक्य माझं नाही, माझ्या आईचं आहे, आणि तिला ते सुचायला एक अर्धवट नवस लागला.

१९८६ ला आम्ही गेलो ते माझ्या भावाच्या टायफॉइडच्या नवसासाठी. आई ५८ वर्षांची, नऊवारी नेसलेली. तळ्याच्या वाटेवर वाळूत गुडघे टेकले तेव्हा सकाळचे दहा वाजून गेले होते, कारण मी खोलीत झोपून राहिले होते. वाळू तापलेली. निम्मी वाट गेली असेल, आणि तिचा चेहरा बघून एक मोगऱ्याचे गजरे विकणारी तमिळ बाई टोपली खाली ठेवून आली. तिने आपल्या फुलांवरचं ओलं फडकं काढून आईच्या गुडघ्यांखाली घातलं, मग दंडाला धरून तिला सरळ उभंच केलं. आई "नवस, नवस" म्हणतेय, ती बाई "अम्मा, अम्मा" म्हणतेय. उरलेली वाट आई तिचा हात धरून चालत गेली. दुपारी कन्फेशनला गेली, आणि तिथल्या फादरांनी इंग्रजीत विचारलेलं मी तिला मराठीत सांगितलं: "मुलगा बरा झाला का?" झाला म्हटल्यावर ते म्हणाले, मग आता घरी जाऊन त्याला जेवायला वाढा.

आई पुढे बत्तीस वर्षं जगली. त्या यात्रेची गोष्ट सांगताना बॅसिलिकेबद्दल दोन वाक्यं बोलायची आणि त्या गजरेवालीबद्दल वीस.

तुमच्या नवऱ्याचं मन पुढे वळलं आणि केस काढायचेच ठरले, तर दोन गोष्टी बघा. त्यासाठी नेमलेल्या ठिकाणीच जा, आणि न्हाव्याला ब्लेड तुमच्या डोळ्यांसमोर पुडीतून काढायला सांगा. नंतर डोक्याला थंडाव्यासाठी चंदन लावायची तिकडे पद्धत आहे. ते लावून घ्या, वर सुती टोपी. आईंनी चालायचं ठरवलं तर पहाटे साडेपाचला. माझ्यासारखी कुणी झोपून राहणार नाही एवढं पाहा.

आमच्या शेजारच्या काकू हिंदू आहेत. त्यांना आमच्याबरोबर यायचंय. आत घेतील ना? — भुईगाव

न घ्यायला काय झालं? तिथे रांगेत तुमच्या पुढे-मागे अर्ध्या बायकांच्या कपाळाला कुंकू दिसेल. काकूंना फक्त एवढं आधीच सांगून ठेवा की मिस्सेत कम्युनियनच्या, म्हणजे पवित्र भाकर घेण्याच्या, वेळी रांगेत जायचं नाही, बाकावर बसून राहायचं. ऐन वेळी कुणी अडवलं तर बिचाऱ्यांना उगाच अपमान वाटतो. ऑगस्ट २०२४ मध्ये व्हॅटिकनहून तंजावरच्या बिशपांना वेलांकनीविषयी पत्र आलं, त्यात तिथे सांत्वन शोधायला येणाऱ्या ख्रिस्ती नसलेल्या यात्रेकरूंबद्दलही आपुलकीने लिहिलंय. वेळ असेल तर काकूंना तंजावरचं बृहदीश्वराचं देऊळ दाखवा. तुम्हीही बघा. आणि नागपट्टिनमच्या उत्तरेला नागोरचा दर्गा आहे. आमचा तिथला रिक्षावाला एकाच फेरीत बॅसिलिका आणि दर्गा दोन्हीकडे नेतो आणि दोन्हीकडे चप्पल काढून हात जोडतो.

मी उत्तनचा, कोळ्याचा पोरगा. आम्ही मित्रमित्र जातोय. समुद्रात पोहायला कुठली जागा चांगली? — वय २२

कुठलीच नाही. अरे, कोळ्याचा पोर ना तू? मग अनोळखी पाण्यात बापाला न विचारता होडी घालशील का? आपला समुद्र आणि तो समुद्र वेगळा. तिथे लाट उंच येते, आणि परत जाताना पायाखालची वाळू ओढून नेते. पावसाळा संपलाय म्हणून तुम्ही बेफिकीर असता, तेव्हा त्यांचा पावसाळा सुरू होत असतो. पोर्तुगीज खलाशी वादळातून ज्या किनाऱ्याला लागले आणि त्यांनी मातेला चर्च बांधून दिलं अशी कथा आहे, तो हाच किनारा. कसलेले दर्यावर्दी होते ते, तरी देवाचा धावा करत होते. २६ डिसेंबर २००४, नाताळाचा दुसरा दिवस, रविवार सकाळ. त्सुनामी आली तेव्हा त्या वाळूवर यात्रेकरू फिरत होते. शेकडो गेले. पाय बुडव, डोक्याला पाणी लाव आणि मागे ये. मित्रांनाही हे वाचून दाखव.

छोट्या प्रश्नांची उत्तरं एकत्र

भाषा: रोजच्या मिस्सा मुख्यतः तमिळ, एखादी इंग्रजी. नोव्हेनात इतर भाषांच्याही असतात. वेळा पोहोचल्यावर फलकावर बघा, मागच्या वर्षीच्या व्हॉट्सॲपवर विसंबू नका. तमिळ मिस्सेला बसायला लाजू नका, "आमेन" सगळीकडे सारखंच आहे.

जेवण: भाताला पर्याय शोधू नका, इडलीला तर नकोच. ताकाला तिकडे "मोर" म्हणतात. उन्हात तेच प्या. आणि पिताना आठवा, वेलांकनीतल्याच नडुतिट्टू या जागेच्या चॅपलची, म्हणजे छोट्या प्रार्थनामंदिराची, कथा एका पांगळ्या ताकविक्या मुलाची आहे. माउलीने बाळासाठी त्याच्याकडे ताक मागितलं, आणि निरोप घेऊन तो नागपट्टिनमला गेला तो स्वतःच्या पायांनी. बॅसिलिका, नडुतिट्टू आणि माउलीचं तळं या तिन्ही जागा बघा. बरेच लोक पहिली बघून परत फिरतात.

भगवे कपडे: पायी चालत येणारे यात्रेकरू घालतात. तुम्ही एसी डब्यातून उतरणार असाल तर गरज नाही.

चांदीचे हात-पाय-पाळणे: बाहेरच्या दुकानांत मिळतात. भाव करायला हरकत नाही. लोकांनी आजवर वाहिलेल्या वस्तूंचं संग्रहालय तिथेच आहे. ते नक्की बघा, आणि मधली पत्रं वाचता आली तर वाचा. मी दर वेळी एखाद्या चिठ्ठीपाशी अडकते आणि गटातली माणसं मला शोधत फिरतात.

आई अंथरुणाला खिळली आहे. येऊ शकत नाही. तिच्यासाठी काय आणू? किती आणू? — रमेदी

तिच्या नावाने मिस्सा सांगा आणि पावती तिच्या हातात द्या. ती उशाखाली ठेवेल. निघताना तिच्याकडून चार ओळी लिहून घ्या, नाहीतर तिने सांगावं आणि तुम्ही लिहावं, आणि तो कागद तिथे ठेवून या. दुपारची वेळ, बॅसिलिकेत गर्दी कमी असताना, तिला फोन लावून नुसता चालू ठेवा. बोलू नका. आत फोन चालत नसेल तर दारात उभं राहून.

तेल आणि तळ्याचं पाणी आणा, पण थोडं. अर्धा लिटर पुष्कळ झालं. १९८६ ला आईने पाच लिटरचा प्लास्टिकचा कॅन भरला होता, आळीतल्या सगळ्यांसाठी. रात्री गुंटकलच्या अलीकडे तो वरच्या बर्थवर कलंडला, आणि खाली झोपलेल्या तिकीट तपासनीसाच्या कोटावर सगळं पवित्र पाणी. तो दचकून उठला आणि ओरडायच्या बेतात असताना आईने त्याला कसलं पाणी आहे ते सांगितलं. त्याने कोट झटकला, दोन थेंब डोळ्यांना लावले, आणि आमचं वेटिंगचं एक तिकीट तेवढ्यावर पक्कं करून दिलं. हे मी रेल्वेत लागायच्या आधीचं आहे, नंतर असं काही चालत नाही हे मला ठाऊक होतं. बाटलीचं झाकण मेणबत्तीच्या मेणाने बंद करा आणि बाटली बॅगेत उभी ठेवा.